नव्वद दिवसांची पाल

दिनांक

यंत्र छताला लागलं तो शुक्रवार होता, आणि तोवर ज्ञानदेव नऊ वर्षं उभा होता.

उभा म्हणजे उभाच. कंपनीच्या फोर्ज शॉपमध्ये, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकायच्या खात्यात, तो मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. तिथं बसायला जागा नव्हती, आणि जी होती ती तापलेली होती. शिडीवर उभा, पॅनेलपुढं उभा, कॅन्टीनच्या रांगेत उभा. संत तुकाराम नगरातल्या घरी येऊन जेवायला मांडी घातली, की त्याचे गुडघे असे वाजायचे की त्याची बायको प्रभावती विचारायची, "पापड मोडला का?"

ऐंशी साली कंपनीत इन्स्ट्रुमेंट रूम निघायची ठरली. एक खोली, एक पंखा, एक टेबल, एक स्टूल. त्या स्टुलावर बसून एका माणसानं डोळ्याला भिंग लावायचं आणि मीटरचे बारीक काटे दुरुस्त करायचे. बसून. पगार तोच. ज्ञानदेवला पगाराचं काही नव्हतं. त्याला बसायचं होतं.

माणूस निवडणार होते सेफ्टीचे साहेब, दौलतराव. त्यांनी ज्ञानदेवला बोलावलं आणि पुढ्यात एक पांढरी गोल वस्तू ठेवली. बशीएवढी, जाळीची.

"जर्मनीहून आलंय. घराच्या छताला लावायचं. धूर झाला की ओरडतं. तिकडं घरोघर असतं म्हणे. आपल्या कामगाराच्या घरात नांदतं का ते बघायचंय."

"माझ्या घरात?"

"नव्वद दिवस. देखभाल तुम्ही करायची, जे होईल ते वहीत लिहायचं. नव्वदाव्या दिवशी मी स्वतः येऊन कागद पेटवीन. ओरडलं तर इन्स्ट्रुमेंट रूममध्ये तुमचा विचार करू."

"आणि नाही ओरडलं तर?"

"तर फोर्ज शॉप आहेच की. ते कुठं पळून चाललंय?"

वहीला कंपनीनं रकाने आखून दिले होते: दिनांक, बिघाड, कारण, उपाय, शेरा. यंत्राबरोबर एक माहितीपुस्तक होतं, सगळं जर्मनमध्ये. त्यात पाच चित्रं होती. पहिल्यात छत. दुसऱ्यात बटण दाबणारं बोट. तिसऱ्यात ब्रश. चौथ्यात दोन धुराडी असलेलं चौकोनी घर. पाचव्यात चोच उघडलेला पक्षी.

ज्ञानदेवनं एक संध्याकाळ त्या पक्ष्यावर घालवली. मग त्याला उलगडा झाला. त्याच्या घरात आरशामागं चिमण्यांचं घरटं होतं, पंख्याच्या वाटीत दुसरं होतं. चिमण्या कुठंही घरटं करतात हे जर्मनांनाही माहीत असणार. त्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: *चिमण्यांपासून जपावे.*

बिघाड

दिवस १. ओरडले. कारण: मिरचीची फोडणी. उपाय: खिडकी उघडली.

दिवस २. ओरडले. कारण: तेच. उपाय: दारही उघडले.

दिवस ३. ओरडले. कारण: अंघोळीच्या पाण्याचा बंब. उपाय: बंब जिन्यात नेला.

दिवस ४. ओरडले. कारण: जिन्यातला बंब.

दिवस ६. ओरडले. कारण: वांगे भाजले. शेरा: भरीत चांगले झाले.

दिवस ९. ओरडले. कारण: तळमजल्यावरचे गेनू बिडी ओढत गप्पा मारायला आले. उपाय: बिडी खाली ठेवून येण्याची विनंती केली. शेरा: आता गेनू खाली आणि आम्ही वर, अशा गप्पा होतात.

दिवस १४. ओरडले. कारण: ठेचा. शेरा: दुपारचे साडेतीन. गेनू झोपले होते. कंपनीचा भोंगा समजून कपडे केले, डबा घेतला आणि बस थांब्यावर जाऊन उभे राहिले. डबा रिकामा होता.

दिवस १५. शेरा: गेनूंची बायको सोजराबाई भांडायला आल्या. भांडताना चहा केला. स्टोव्ह भडकला. ओरडले.

यानंतर प्रभावतीनं सूत्रं हातात घेतली. तेल तापलं की ती खणखणीत आवाजात म्हणायची, "फोडणी!" त्याबरोबर ज्ञानदेवची आई, सरूबाई, सूप घेऊन यंत्राखाली उभ्या राहायच्या आणि वरच्या दिशेनं वारा घालायच्या. मोहरी तडतडली, मिरची पडली, झाकण बसलं, सूप थांबलं. पंधरा दिवसांत हे इतकं जमलं की यंत्र गप्प बसायला लागलं. ज्ञानदेव दर रविवारी ते खाली काढायचा, दाढीच्या नव्या ब्रशानं जाळी झाडायचा आणि पुन्हा लावायचा. वहीत सलग महिनाभर एकच शब्द आहे: *ठीक. ठीक. ठीक.*

"स्टूल लाकडी असेल का लोखंडी?" एका जेवणात ज्ञानदेवनं विचारलं.

"बसल्याव कळंल," सरूबाई म्हणाल्या.

कारण

एकसष्टाव्या दिवशी सोजराबाई विरजण मागायला वर आल्या होत्या. सोजराबाई चाकणकडच्या एका वाडीतल्या. विरजण वाटीत पडलं तरी त्या उठत नसत.

"माझं ऐक प्रभावती. आमचं ह्ये कितीबी वरडू देत, मानूस मनानं वाईट न्हाई."

च्युक.

सोजराबाई थांबल्या. फरशीवर त्यांनी तीनदा बोट आपटलं. "पाल बोलली बाई! खरं हाय म्हनती."

"काय खरं?" सरूबाईंनी विचारलं.

"ह्यो मानूस वाईट न्हाई."

"बावीस वर्सं संसार करून पालीकडनं कळलं व्हय तुला?"

"हसू नका आत्या. बोलायचं थांबलं अन् लगेच पाल बोलली, तर त्ये खरं असतं. आमच्याकडं समदी मानत्यात."

"आमी छप्पन साली देव सोडले," सरूबाई म्हणाल्या. "आता पालीला कुठं धरत बसू?"

ज्ञानदेव शहाणा माणूस होता.

च्युक.

शकुनाबिकुनाची त्याला फिकीर नव्हती. त्याला वेगळीच धास्ती होती. आवाज यंत्राच्या बाजूनं येत होता. पाल जाळीत शिरली, शेपटी दोन तारांवर पडली, की पाल मेली, यंत्र मेलं, आणि स्टूलही गेलं. तो तडक शिडी घेऊन चढला. आधी बॅटरीचं टोपण काढून लाइन तोडली, मग यंत्राला हात लावला. लाइन बंद केल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही, ही फोर्ज शॉपची नऊ वर्षांची सवय. त्यामुळेच तो जिवंत होता. यंत्र उघडून, उलटं करून, टॉर्च मारून पाहिलं. पाल नाही. आवाजही नाही. टोपण लावलं, खाली उतरला, शिडी ठेवली.

च्युक.

पुन्हा चढला. टोपण काढलं. आवाज बंद.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यानं शिडी जागेवर ठेवून वहीत लिहिलं:

दिवस ६१. बिघाड: पाल. कारण: दिसली नाही, फक्त ऐकू आली. मी हात लावताच गप्प होते. शेरा: मला भिते.

"तुला कोन भितंय?" सरूबाई म्हणाल्या. "चिमन्या तुज्या ताटात जेवत्यात."

उपाय

(इथं वहीत अर्धं पान कोरं आहे. मध्ये अंड्याच्या पिवळ्या बलकाचा डाग.)

उपाय, दुसरा

अंड्याची टरफलं ठेवली की पाल येत नाही, हे फोर्ज शॉपमधल्या बबनरावांनी सांगितलं. ज्ञानदेवनं सहा टरफलं दोऱ्यात ओवून यंत्राभोवती टांगली. मोराचं पीस लावलं की पाल पळते, हे कॅन्टीनच्या अर्जुनरावांनी सांगितलं. ज्ञानदेवनं मोराची दोन पिसं दोन्ही बाजूंना खोचली.

पाल पळाली नाही. उलट तिचा उत्साह वाढला. आधी दिवसातून चार-पाच वेळा बोलायची, आता मिनिटामिनिटाला बोलायला लागली. आणि पांढरी गोल जाळी, भोवती माळ, बाजूला मोरपिसं, हे सगळं मिळून जे दिसत होतं ते बघून इमारतीतल्या बाया आत येताना डोक्यावर पदर घ्यायला लागल्या. कुणीतरी खाली पाटावर फुलं ठेवून गेलं. ती प्रभावतीच्या वेणीत गेली.

लोक यायचे, बसायचे आणि वाक्यं बोलायचे.

"आमचा पोरगा मॅट्रिकला सुटंल."

(शांतता.)

"सुटंल म्हनते मी."

(शांतता.)

"गनितात तरी सुटंल?"

च्युक.

"बघा! गनित सुटलं!"

मिनिटाला एकदा आवाज व्हायचाच. धीर धरून बोलत राहणाऱ्याचं काही ना काही खरं ठरायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या प्राथमिक शिक्षकांनी तर एका बैठकीत आपली बदली, सुनेचा स्वभाव आणि दिल्लीतलं सरकार, तिन्ही मनासारखं करून घेतलं. सरूबाई कोपऱ्यात ज्वारी निवडत बसायच्या आणि कुणी काय बोलून गेलं ते संध्याकाळी ज्ञानदेवला सांगायच्या. ज्ञानदेव हसायचा नाही. तो दिवस मोजत होता.

शहात्तराव्या दिवशी गेनू आणि सोजराबाई दोघं एकदम वर आले. गेनूनं बिडी खाली ठेवली होती. वाडीतली म्हैस इथं कॉलनीत आणावी असं गेनूचं म्हणणं, आणू नये असं सोजराबाईंचं. पंधरा दिवस हे भांडण चाललं होतं, आता त्याचा निकाल पालीनं द्यायचा होता. दोघं यंत्राखाली समोरासमोर बसले.

गेनू: म्हस हितं येनार.

सोजराबाई: म्हस वाडीतच ऱ्हानार.

गेनू: येनार.

सोजराबाई: ऱ्हानार.

गेनू: येनार येनार येनार.

सोजराबाई: आदी मिशीचा चहा पुसा.

च्युक.

गेनूनं मुकाट्यानं मिशी पुसली. ते खरंच होतं.

गेनू: येनार!

सोजराबाई: ऱ्हानार!

गेनू: पोरं दुधाबिगर वाळली माजी!

सोजराबाई: तुमची पोरं? दारातनं आत येताना आडवी व्हत्यात!

गेनू: येनार!

सोजराबाई: मंग आना की! आना अन् बांदा एकदाची ह्यांच्या खिडकीखाली, म्हंजे मी सुटले!

च्युक.

सोजराबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"मी रागानं बोलले," त्या म्हणाल्या.

"पालीला राग कळत न्हाई," गेनू म्हणाला. "तिला बोलनं कळतं."

ज्ञानदेव दारात उभा होता. "थांबा," तो म्हणाला, "ह्यांच्या म्हणजे कुणाच्या खिडकीखाली?"

बिघाड

दिवस ७९. म्हैस आली. चाकणच्या कांद्याच्या ट्रकमधून आली. आमच्या खिडकीखाली बांधली.

दिवस ८०. ओरडले. कारण: म्हशीला डास चावू नयेत म्हणून गोवऱ्यांची धुरी. उपाय: खिडकी बंद.

दिवस ८१. ओरडले. कारण: धुरी. उपाय: खिडकीच्या फटीत चिंध्या.

दिवस ८२. ओरडले. कारण: धुरी. उपाय: गेनूंशी बोललो.

बोलणं असं झालं:

"गेनूभाऊ, धुरी बंद करा. अजून आठ दिवस."

"डास चावत्यात तिला."

"मच्छरदाणी लावा."

"म्हशीला?"

"माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो."

"ज्ञानदेवराव, म्या तिला हौसंनं आनली का? तुमच्याच घरात हुकूम झाला. पालीचा शब्द मी कसा मोडू? तुमीच सांगा."

ज्ञानदेव विचार करत उभा राहिला. उभं राहणं त्याला चांगलं जमत होतं.

दिवस ८८. ओरडले, पण हळू. म्हातारा माणूस दूरवरून हाक मारतो तसे.

दिवस ८९. फोडणी दिली. सूप हलवले नाही. ओरडले नाही. पुन्हा फोडणी दिली. ओरडले नाही. तिसरी फोडणी दिली. तेल संपले. पाल मात्र चालू.

त्या संध्याकाळी घरात तीन फोडण्यांची आमटी होती आणि ती कुणाला गेली नाही. उद्या पाच वाजता दौलतराव येणार, कागद पेटवणार. प्रभावती सातवीपर्यंत शिकलेली आणि अक्षर छापल्यासारखं. तिनं नवी वही काढली आणि जुन्या वहीची चांगली नक्कल केली. नकलेत पाल नव्हती. टरफलं, मोर, म्हैस, गेनूचा रिकामा डबा, काहीच नव्हतं. नव्वद ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत *ठीक*.

"हीच दाखवायची," ती म्हणाली. "नाहीतर साहेब म्हणतील, ह्यांना भिंग देऊ नका, औषध द्या."

कारण

नव्वदावा दिवस गुरुवार, कंपनीची सुट्टी. ज्ञानदेव सकाळीच पाल पकडणारा माणूस शोधायला बाहेर पडला. माणूस सापडला, पण तो फक्त साप पकडायचा. "पालीला हात लावत न्हाई मी," तो म्हणाला. "शिसारी येती."

इकडे सरूबाईंना दुपारी पडायचं होतं. म्हशीची धुरी आज गेनूनं लवकर लावली होती, आणि यंत्र धड ओरडतही नव्हतं, धड गप्पही बसत नव्हतं, कण्हत होतं. सरूबाईंनी उंच दांडीवर लुगडी टाकायची काठी घेतली, यंत्राला खालून एक ठोसा दिला, ते निसटलं तसं पदरात झेललं. टोपणबिपण काढायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी यंत्र गोधडीत गुंडाळलं, ज्वारीच्या कोठीत कोंबलं, वर झाकण लावलं आणि आडव्या झाल्या.

ज्ञानदेव घरी आला तेव्हा सोजराबाई कोठीपुढं हात जोडून बसल्या होत्या.

"पाल जवारीत शिरली हो!"

कोठीतून आवाज आला: च्युक.

ज्ञानदेवनं छताकडं पाहिलं. टरफलं होती, मोरपिसं होती, मध्ये मोकळी जागा होती. "आई! यंत्र कुठाय?"

सरूबाई उठल्या, कोठीत हात घातला, गोधडी उलगडली आणि यंत्र त्याच्या हातावर ठेवलं.

"झोपू देना कुनी. ह्ये घे."

च्युक.

हातात. ज्ञानदेवच्या तळहाताला ते जाणवलं.

नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यानं लाइन चालू असलेली वस्तू हातात धरली होती. तो तसाच उभा राहिला. मिनिट गेलं. च्युक. टोपण काढलं. मिनिट गेलं, दोन गेली. काही नाही. टोपण लावलं. च्युक.

"मी हात लावायच्या आधी दर वेळी ह्याचा गळा आवळत होतो," तो हळूच म्हणाला. "म्हणून गप्प बसायचं."

"म्हंजी पाल न्हाई?" सोजराबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग आमची म्हस?"

त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं माहितीपुस्तक काढलं. पाचवं चित्र: चोच उघडलेला पक्षी. चौथं चित्र: दोन धुराडी असलेलं चौकोनी घर. त्यानं यंत्रातली बॅटरी काढून चित्राशेजारी धरली. चौकोनी. डोक्यावर दोन बटणं.

"हे घर नाही," ज्ञानदेव म्हणाला. "पक्षी ओरडतोय, की घर बदला. म्हणजे बॅटरी. बॅटरी बदला! महिनाभर मागतंय बिचारं, आणि मी त्याला टरफलं घालतोय!"

साडेचार वाजले होते. बाजार गुरुवारचा बंद. तसली बॅटरी अख्ख्या इमारतीत एकाच ठिकाणी होती: गेनूच्या खिशात मावणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरमध्ये.

उपाय

गेनू म्हशीच्या बुडाशी बसला होता. कासंडी गुडघ्यात, ट्रान्झिस्टर म्हशीच्या शिंगाला अडकवलेला. सनई चालली होती.

"बॅटरी द्या," ज्ञानदेव म्हणाला.

"ज्ञानदेवराव, गान्याबिगर पान्हा सोडत न्हाई ती. वाडीत शेजारच्या देवळात कर्णा व्हता, त्याची सवय लागलीया."

"फक्त तासभर."

"अन् दूद?"

"काय पाहिजे ते सांगा."

गेनूनं विचार केला. पाल ही पाल नव्हती, हे एव्हाना सोजराबाईंनी खाली येऊन सांगितलं होतं. म्हशीच्या पायाखालची जमीन सरकली होती.

"म्हस हितंच ऱ्हानार," गेनू म्हणाला. "पालीचा हुकूम गेला, तर तुमचा पायजे. तुमच्याच खिडकीखाली. धुरीसकट."

ज्ञानदेवनं म्हशीकडं पाहिलं. म्हशीनं ज्ञानदेवकडं पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला.

सनई मध्येच तुटली.

शेरा

दौलतराव पाचला पाच मिनिटं असताना आले. इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. डोळ्यांखाली मात्र काळं होतं. त्यांनी चहा नको म्हटलं, वर पाहिलं. टरफलं आणि पिसं प्रभावतीनं काढून टाकली होती. दौलतरावांनी वर्तमानपत्राचा एक तुकडा ताटलीत पेटवला आणि ताटली वर धरली.

यंत्र ओरडलं. नव्या बॅटरीनं, भरल्या पोटानं, असं ओरडलं की आरशामागच्या चिमण्या एकदम बाहेर पडल्या. शेजारून कुणीतरी विचारलं, "आज काय, ठेचा?" आणि खालून गेनूची आरोळी आली:

"पान्हा सोडला! बंद करू नका! चालू ठेवा!"

"हे कोण?" दौलतरावांनी विचारलं.

"शेजारी आहेत," ज्ञानदेव म्हणाला. "त्यांना सुरक्षेची आवड आहे."

दौलतरावांनी कागद विझवला. यंत्र शांत झालं. ते खुर्चीत बसले, पण चेहरा काही खुलला नाही. ज्ञानदेवनं नवी वही पुढं केली. दौलतरावांनी पहिलं पान वाचलं, मधलं वाचलं, शेवटचं वाचलं.

"ठीक, ठीक, ठीक. नव्वद दिवसांत काहीच झालं नाही?"

"नाही साहेब."

"एखादा आवाज?"

"आवाज कसला?"

"बारीक. असा… पालीसारखा."

प्रभावतीनं ज्ञानदेवकडं पाहिलं आणि मान हलवली: नाही म्हण.

"नाही साहेब," ज्ञानदेव म्हणाला.

दौलतरावांनी चष्मा काढला. ते एकदम थकलेले दिसायला लागले. "म्हणजे माझ्याच केबिनमध्ये आहे," ते म्हणाले. "दुसरा नग मी माझ्या केबिनमध्ये लावलाय. महिना झाला, पाल बोलतेय. छताच्या फळ्या काढून बघितलं. कॅन्टीनमधून दोन मांजरं आणून सोडली. मांजरांनी फाइलींवर पिलं घातली. पाल काही सापडत नाही."

ज्ञानदेवनं बायकोकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. मग ट्रंकेमागून जुनी वही काढली आणि साहेबांच्या मांडीवर ठेवली.

दौलतरावांनी ती वाचली. पहिल्यापासून वाचली. भरितापाशी थांबले, रिकाम्या डब्यापाशी थांबले. टरफलांपाशी आल्यावर त्यांनी वर छताकडं पाहिलं. बलकाच्या डागाला बोट लावून पाहिलं. शेवटच्या पानावर ज्ञानदेवनं दुपारी घाईघाईनं लिहिलं होतं: *दिवस ९०. पाल नाही. बॅटरी उतरली की असे बोलते. बदलावी.*

"बॅटरी?" दौलतराव म्हणाले.

"हो साहेब."

"फक्त बॅटरी?"

"हो."

दौलतरावांनी वही मिटली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी त्याला विचारायचो."

"काय विचारायचात?" प्रभावतीनं विचारलं.

"आधी गंमत म्हणून. नंतर सवय लागली. सुट्टी द्यावी का, चार्जशीट द्यावी का." त्यांनी ज्ञानदेवकडं पाहिलं नाही. "तुमच्याबद्दलही विचारलं होतं. केबिनमध्ये एकटाच होतो. मोठ्यानं म्हणालो, ज्ञानदेवला फोर्ज शॉपमध्येच ठेवावं. लगेच बोललं."

ज्ञानदेवचे गुडघे उभ्या उभ्याच वाजले.

"आणि ठेवू नये, असं म्हणून नाही बघितलं?" प्रभावतीनं विचारलं.

"बघितलं. गप्प बसलं. मग मी जेवायला गेलो."

"मिनिटभर थांबायचं होतं, साहेब," ज्ञानदेव म्हणाला. "मिनिटाला एकदा बोलतं ते."

"मला काय माहीत!" दौलतराव जवळजवळ ओरडले. "फाइलीत तसं लिहूनही ठेवलंय मी. आता काय करू?"

सरूबाई इतका वेळ खाटेवर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, त्याला नवा सेल घातलाय. आता काय त्ये बोलायचं न्हाई. आता तुमचं तुमालाच बोलावं लागंल."

सेफ्टीत दौलतरावांची सतरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत इतकी शांत खोली त्यांना कधी मिळाली नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

"ज्ञानदेव," ते म्हणाले, "सोमवारपासून इन्स्ट्रुमेंट रूममध्ये."

दौलतराव डोळे मिटून वाट बघत राहिले. एक मिनिट गेलं असेल. काही झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला.

"म्हणजे झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," सरूबाई म्हणाल्या. "मानसं आसंच बोलत्यात."

दौलतरावांनी फाइल उघडली, जुनी ओळ खोडली आणि तिच्या वर नवी लिहिली. त्यांनी टोपण पेनाला लावलं.

"सही," सरूबाई म्हणाल्या.

त्यांना वाचता येत नव्हतं. पण कागद पुरा झालाय की नाही, ते त्यांना लांबूनही दिसत होतं. दौलतरावांनी टोपण पुन्हा काढलं.